लुआनची पदवी आणि गावभरचा फ्लॉस

गेल्या जानेवारीत आमच्या हेइनो लेक गावात अशी बातमी फिरत होती, की लुआन पेल्टोनेनचं त्रेपन्नाव्या वर्षी बाहेर जमलंय. पुरावा भक्कम होता. दर मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला तिची निळी गाडी वाचनालयाच्या मागे, बर्फाच्या ढिगाआड उभी. इंजिन चालू, काचा धुरकटलेल्या. आत ही बाई केस नीट करून, ओठ रंगवून, मांडीवरच्या उजेडाकडे बघून मान डोलावते, लाजल्यासारखी हसते आणि मधूनच म्हणते, "हो डॉक्टर. समजलं डॉक्टर." तिकडे नवरा डेल घरी एकटाच कालची मांस-बटाट्याची हॉटडिश गरम करून खातोय. आता तुम्हीच सांगा, शहाण्या माणसाने यातून काय समजायचं?

बातमी साफ खोटी होती. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण ती मीच सुरू केली होती.

तशी मला लवकरच उपरती झाली. एका गुरुवारी मी तिच्या गाडीपाशी गेलो आणि काचेवर टकटक केलं. हेतू चांगला होता. डॉक्टर दिसायला कसे आहेत एवढंच बघायचं होतं. काच खाली आली, आणि मांडीवरच्या संगणकातून बारा बायका आणि एक पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"लायल, मेल्या, वर्ग चालू आहे माझा!" लुआन ओरडली.

संगणकातल्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. "हे तुमचे पेशंट आहेत का?"

"नाही डॉक्टर ट्रॅमेल. हा माझा शेजारी आहे. याच्यावर उपाय नाही."

आता शेजारी म्हणजे कसा, तर तिच्या आणि माझ्या अंगणात आड येतं फक्त एक बर्फ ढकलायचं यंत्र. ते माझं आहे, आणि ते तीच जास्त वापरते. एकतीस वर्षं ती गावातल्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करते आहे. हायजिनिस्ट म्हणतात तिच्या कामाला. दाढ उपटणारा डॉक्टर वेगळा, तो येतो, दोन मिनिटं बघतो, हवामानावर बोलतो आणि जातो. बाकीचा पाऊण तास तुम्ही लुआनच्या ताब्यात. ती कीटण खरवडते, हिरडीत बारीक सळई घालून खोली मोजते आणि आकडे पुटपुटते, "तीन, दोन, तीन. चार, पाच, चार." पाच म्हणाली, की समजायचं हिरडी बिघडली.

चेहरे तिच्या लक्षात राहत नाहीत, दात राहतात. बाजारात कुणी हाक मारली तर ती ओळख नसल्यासारखी बघते, मग तो माणूस हसतो, आणि हिचा चेहरा उजळतो. "अरे, तू होय! खालची डावी दाढ कशी आहे?" एका लग्नात नवऱ्यामुलाचा फोटो बघून ही भर मांडवात म्हणाली, "याच्या वडिलांचे पुढचे दोन दात असेच एकमेकांवर चढलेत." तेव्हा नवऱ्यामुलीच्या आईला बरं वाटलं. कारण त्याच्या बापाबद्दल गावात दोन मतं होती.

दवाखान्याखेरीज आठवड्यातून दोन दिवस ती शेजारच्या गावच्या कॉलेजात नव्या पोरींना कीटण खरवडायची आकडी कशी धरायची ते शिकवते. पंधरा वर्षं हंगामी. तिथल्या जुन्या बाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. कायमची जागा मोकळी होणार, आणि ती जागा लुआनला हवी होती. हवी म्हणजे कशी, तर लहान मुलाला खिडकीतली सायकल हवी असते तशी. पण नियम असा, की कायम शिकवणाऱ्याकडे पदवी पाहिजे. लुआनकडे होती एकतीस वर्षांपूर्वीची दोन वर्षांची पदविका. तिने घडवलेल्या पोरी पुढे शिकून पदव्या घेऊन आल्या होत्या आणि ही त्यांच्यापुढे हंगामीच. कॉलेजने सांगून ठेवलं होतं, एक जूनपर्यंत पदवीचा कागद आणा, नाहीतर आम्ही जाहिरात देतो.

अशा पदविकावाल्या हायजिनिस्टांनी राहिलेली पदवी पुरी करावी म्हणून घरबसल्या करायचा अभ्यासक्रम असतो. लुआनने तो दोन वर्षांपूर्वीच घेतला होता. दातांचं सगळं तिला येतच होतं. बाकी राहिलं होतं संख्याशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, अध्यापन, असलं काहीबाही. घरबसल्या म्हणायला. तिच्या घरी पाइनच्या झाडांमुळे इंटरनेट गोगलगायीसारखं येतं, आणि वाचनालयाचं मागच्या आवारापर्यंत पोचतं. म्हणून ती गाडी. ही गोष्ट तिने फक्त डेलला सांगितली होती. डेलला सांगणं म्हणजे तळ्यात दगड टाकणं, वर काही येत नाही.

"आता गावाला वाटतंय मी भानगड करते आहे," लुआन म्हणाली. "कुणी पसरवलं हे?"

मी बुटाने बर्फ उकरलं.

"लायल."

"मी निस्तरतो," मी म्हणालो. "तू काही काळजी करू नकोस."

आणि देवाशपथ, मी निस्तरलं. गळाच्या दुकानात गेलो, पोस्टात गेलो, चर्चच्या तळघरात रविवारच्या कॉफीला तर टेबलाटेबलाशी गेलो. सगळ्यांना सांगितलं, लुआन वाट चुकलेली नाही, लुआन शिकते आहे. शेवटचा एकच प्रकल्प उरलाय. गावात एक प्रश्नावली वाटणार आहे, आठवड्यातून किती वेळा फ्लॉस करता, म्हणजे दातांच्या फटीतून दोरा फिरवता, एवढंच विचारणार आहे. त्या कागदावर तिची नोकरी टांगलेली आहे. तेव्हा कागद हातात आला, की लुआनचा विचार करा.

मी फक्त एवढंच म्हणालो, की विचार करा. एकदोघांना काय लिहायचं तेही सांगितलं असेल, आता मला नक्की आठवत नाही.

बारा दिवसांनी लुआन आमच्या स्वयंपाकघरात आली. बूट न काढता आली, तेव्हाच मी ओळखलं. तिने एकशे बारा कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

"हे काय आहे?"

"अभिनंदन?" मी विचारून बघितलं.

"एकशे बारापैकी एकशे दहा जणांनी लिहिलंय, रोज. उरलेल्या दोघांनी लिहिलंय, दिवसातून दोनदा."

"वा! गाव सुधारलं की."

"त्या दोघांतला एक एल्मर सालो आहे."

माझी बायको बेव्ह शेगडीपाशी होती, ती फस्सकन हसली. एल्मरकाका शहाऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्या तोंडात गेली वीस वर्षं एकही दात नाही. कवळीसुद्धा नाही, ती खिशात असते.

"पण कागदावर नाव लिहायचं नव्हतं ना?" मी म्हणालो. "तुला कसं कळलं?"

"खाली सही केलीये त्यांनी! श्रेय दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून!" लुआन खुर्चीत बसली आणि डोकं धरलं. "एकतीस वर्षं मी या लोकांच्या हिरड्यांतून रक्त काढते आहे, लायल. रोज म्हणे. डॉक्टर ट्रॅमेलनी काय लिहिलंय माहितीये? 'तुमच्या गावी यायची फार इच्छा आहे. असं गाव पृथ्वीच्या पाठीवर दुसरं नाही.'"

"छान लिहिलंय की."

"पुढे लिहिलंय, 'म्हणून हे आकडे मी स्वीकारू शकत नाही.' पंधरा मार्चपर्यंत खरे आकडे दिले नाहीत तर मी नापास. मग हा विषय पुन्हा थेट सप्टेंबरात. तोपर्यंत माझ्या खुर्चीत दुसरी कुणीतरी बसलेली असेल. माझीच शिकवलेली एखादी."

मी कागदांचा गठ्ठा नीट लावायला घेतला. मला ते फारसं जमत नाही.

"एकशे बारा माणसं," ती म्हणाली. "एकालाही खरं सांगावंसं वाटलं नाही?"

"अगं, तुला वाईट वाटलं असतं."

"आणि नापास झाल्यावर मी नाचेन?"

आता यात आमचा तरी काय दोष? या गावात कुणी कुणाला तोंडावर वाईट सांगत नाही. सुनेने केलेला केक विटेसारखा झाला, तर आपण म्हणतो, 'वेगळाच आहे नाही!' आणि दुसरा तुकडा घेतो. त्यात लुआनने आम्हाला कागद देऊन विचारलं, तू दर सहा महिन्यांनी खुर्चीत बसून मला फसवतोस का? सज्जन माणूस यावर काय लिहिणार?

तेव्हा बेव्ह शेगडीकडे तोंड करूनच म्हणाली, "सौनात विचार."

लुआनने मान वर केली.

"सौनात कुणी खोटं बोलत नाही," बेव्ह म्हणाली. "माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकदाच कबूल केलं, की माझी कॉफी पातळ असते. ते सौनात."

आणि हे अगदी खरं. आमचे पणजोबा फिनलंडहून अमेरिकेत येताना दोनच गोष्टी घेऊन आले, हट्ट आणि सौना, म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली. सौनात चर्चमध्ये वागतात तसं वागायचं, असं आम्हाला लहानपणी फटके देऊन शिकवलेलं असतं. तापलेल्या दगडांवर पाण्याचा लोटा पडला, वाफ उसळली, की खोटं बोलायला अंगात ताकदच राहत नाही. शिवाय उघड्या माणसाने कशाचा आव आणायचा?

गावचा सौना तळ्याकाठी आहे. शनिवारी तीन ते पाच पुरुष, पाच ते सात बायका. लुआनने युनिव्हर्सिटीला रीतसर अर्ज केला. माणसांवर संशोधन करायचं तर आधी परवानगी लागते, आणि पद्धत बदलली तर पुन्हा लागते. अर्जात एक रकाना होता, 'माहिती गोळा करण्याचं ठिकाण.' तिने लिहिलं, सौना. दुसरा रकाना होता, 'सहभागींना काही गैरसोय?' तिने लिहिलं, नव्वद अंश उष्णता. दोन दिवसांत उत्तर आलं. परवानगी आहे, मात्र पुरुषांच्या वेळेसाठी प्रशिक्षित पुरुष सहायक नेमावा.

लुआनने माझ्याकडे बघितलं.

"माझी मांडी दुखते," मी म्हणालो.

"तू निस्तरणार होतास ना?"

चार तास. चार तास मला संगणकासमोर बसवून तिने संशोधनातल्या नीतिमत्तेचं प्रशिक्षण करायला लावलं. दुसऱ्याचं गुपित फोडू नये, या विषयावर चौदा प्रश्न होते. मी तिसऱ्या खेपेला पास झालो. ते प्रमाणपत्र माझ्या गॅरेजात बोलिंगच्या कपाशेजारी लावलेलं आहे. बेव्ह पाहुण्यांना मुद्दाम नेऊन दाखवते.

पहिल्या शनिवारी मी कागद-पेन्सिल घेऊन आत गेलो. पाच मिनिटांत कागदाची लापशी झाली. बाहेर लुआन जाड कोट घालून बाकावर बसली होती, मांडीवर संगणक, भुवयांवर हिम. मी पंचा गुंडाळून अनवाणी बर्फात उड्या मारत गेलो.

"कागद टिकत नाही!"

"क्रिबेज!" ती म्हणाली. "क्रिबेजची पाटी घे!"

या बाईला पदवी का मिळाली पाहिजे ते मला तेव्हा कळलं. क्रिबेज म्हणजे आमच्याकडचा पत्त्यांचा खेळ, आणि त्याचे गुण मोजायला एक लाकडी पाटी असते. तिच्यावर लांबच लांब भोकांच्या तीन ओळी, त्यात खुंट्या खोचायच्या. तीन ओळी, तीन उत्तरं. वरची रोज, मधली कधीमधी, खालची कधीच नाही. पाटी हातोहात फिरवायची, प्रत्येकाने बाकीच्यांकडे पाठ करून एक खुंटी खोचायची.

खुंट्या पितळेच्या होत्या, आतल्या उष्णतेने तापून निघालेल्या. पहिली खुंटी हातात घेतलेल्या माणसाने जो शब्द उच्चारला तो चर्चमध्ये चालणार नाही. मग आम्ही काडेपेटीतल्या काड्या आणल्या.

पण त्याआधी मला नियमाप्रमाणे निवेदन वाचायचं होतं. कागद तर विरघळलेला, मी पाठ म्हणालो. "तुमचा सहभाग ऐच्छिक आहे. तुम्ही कधीही माघार घेऊ शकता. तुमची ओळख पूर्णपणे गुप्त राहील."

वरच्या फळीवरून एल्मरकाकांनी आधी स्वतःकडे बघितलं, मग सगळ्यांकडे बघितलं. "लायल, आता गुप्त राहायचं असं काय उरलंय रे?"

दोन शनिवारांत चौतीस पुरुष झाले. रोज, दोन. कधीमधी, सहा. कधीच नाही, सव्वीस. बायकांच्या वेळेला लुआन स्वतः आत होती. त्या एक्केचाळीस जणींत रोजवाल्या पाच, कधीमधी चौदा, कधीच नाही बावीस. मी एकेक आकडा ओरडून सांगायचो आणि बाकावरून लुआन, जणू लॉटरी लागल्यासारखी, ओरडायची, "कधीच नाही! अजून एक! शाब्बास!" आपलं गाव इतकं घाणेरडं आहे याचा इतका आनंद झालेली बाई मी उभ्या जन्मात बघितली नव्हती.

दुसरा प्रश्न तिने शेवटच्या शनिवारी विचारायला लावला. दर सहा महिन्यांनी दवाखान्यातून निघताना लुआन प्रत्येकाच्या हातात फ्लॉसची एक डबी ठेवते. एकतीस वर्षं ठेवते आहे. मग ते सगळं जातं कुठे?

कोपऱ्यातून आवाज आला, "गळाला बांधतो मी. तुटत नाही."

"थँक्सगिव्हिंगला टर्कीचे पाय बांधायला."

"तंबू शिवला."

"नाताळात चर्चमध्ये मोठा तारा लटकतो ना," चर्चचा खजिनदार दगडांकडे बघत म्हणाला. "तो बावीस वर्षं फ्लॉसवर आहे. पुदिन्याच्या."

"म्हणून भजन म्हणताना तो वास येतो होय!"

आता धरण फुटलं होतं. कुणी बटणं लावली होती, कुणी चीज कापलं होतं. एकाने पोहायला गेल्यावर तुटलेल्या चड्डीची नाडी केली होती आणि ती अजून चालत होती. मी एकेक गोष्ट दाराच्या फटीतून बाहेर सांगत होतो, लुआन टाइप करत होती. मग जरा शांतता झाली, आणि डेल बोलला. डेल बोलला म्हणजे सगळे त्याच्याकडे वळलेच. त्याचं शेवटचं वाक्य मागच्या हरणांच्या शिकारीच्या मोसमात झालं होतं.

"बोटीचं इंजिन," तो म्हणाला. "ओढायची दोरी. वेणी घातली."

"कुणाच्या बोटीचं?"

"आमच्या. आठ वर्षं झाली."

आम्ही सगळे त्याच्याकडे आदराने बघत होतो, तेवढ्यात बाहेरून दारावर धाडकन थाप पडली.

"डेल पेल्टोनेन! आठ वर्षं?"

डेल वरच्या फळीवर सरकला. "तिला ऐकू जातं?" त्याने मला हळूच विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"माघार घेता येते म्हणालास ना?"

त्या रात्री लुआनने प्रबंधाचं नाव बदललं. 'किती लोक फ्लॉस करतात' हे काढून टाकलं. नवं नाव ठेवलं, 'हेइनो लेक गावात फ्लॉस जातो कुठे.' आणि त्यातून तिने जो मुद्दा काढला त्यावर मी अजून चकित आहे. ती म्हणाली, आम्ही लोकांना एकतीस वर्षं सांगतोय की फ्लॉस न्हाणीघरात ठेवा. तो न्हाणीघरात राहतच नाही. तो गळाच्या पेटीत राहतो, शिवणाच्या डब्यात राहतो, बोटीत राहतो. मग माणसालाच तिथे गाठू. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला खोपटात बसून माणूस सहा सहा तास बर्फातल्या एका भोकाकडे बघत असतो. हात मोकळे, तोंड मोकळं, बायको लांब. त्याला यापेक्षा चांगली वेळ कुठली? तिने वीस खोपटांत छोटा आरसा आणि डबी टांगून बघितली. पंधरा दिवसांत त्यातले अकरा जण तोंडात दोरा घालायला लागले. एक म्हणाला, करमणूक म्हणून बरं आहे, मासे तर येतच नाहीत.

पंधरा मार्चला परीक्षकांसमोर तोंडी सादरीकरण होतं. दुपारी दोन वाजता. अर्थात वाचनालयामागे, गाडीत.

मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. फार तर चार जणांना. दोनला दहा कमी असताना आवारात साठ-सत्तर माणसं उभी होती. हातात थर्मास, लिंबाच्या वड्यांचे डबे, झाकलेली हॉटडिश. कुणी आवाज करत नव्हतं. बर्फ पडत होतं, आणि डेल दर मिनिटाला पुढे होऊन काचेवरचं बर्फ हाताने पुसत होता, म्हणजे आत उजेड राहावा.

लुआनने काच चार बोटं खाली ठेवली होती. तिचा आवाज आधी कापत होता. मग ती आकड्यांवर आली, आणि दवाखान्यात हिरडी मोजताना असतो तसा तो सरळ झाला. वीस मिनिटं ती बोलली. मग डॉक्टर ट्रॅमेल म्हणाल्या, "पण मला एक कळत नाही. पहिल्या वेळी एकशे बारा माणसं खोटं बोलली. यावेळची खरं बोलली हे मी कशावरून मानू?"

लुआनने मांडीवरचे कागद चाळले, पुन्हा चाळले. मला काचेतून तिचा चेहरा दिसला. पंधरा वर्षांची ती जागा, ती खुर्ची, सगळं त्या चार बोटांच्या फटीतून निसटून जाताना दिसत होतं.

तेवढ्यात एल्मरकाका काठी टेकत पुढे झाले आणि त्या फटीला तोंड लावलं. "बाई, ते दिवसातून दोनदा लिहिणारा मी."

संगणकात तीन चेहरे पुढे झुकले. "आणि आता काय म्हणता?"

"मला दात नाहीत, बाई." त्यांनी तोंड उघडून दाखवलं. मग खिशातून कवळी काढून तीही दाखवली. "ही फक्त मक्याच्या मोसमात घालतो."

"मग तुम्ही तसं का लिहिलंत?"

एल्मरकाकांनी थोडा विचार केला. "या लायलने सांगितलं, लुआनचं काम अडलंय. पोर चांगली आहे. माझी बायको गेली तेव्हा दवाखाना सोडून आली होती, भांडी घासत बसली होती. मला वाटलं, दोनदा लिहिलं तर जास्त मार्क मिळतील."

आवारातली साठ-सत्तर माणसं गारठा लागल्यासारखी नाकं ओढायला लागली. मग डॉक्टर ट्रॅमेल चष्मा पुसत म्हणाल्या, "लुआन, हे तुमच्या प्रबंधात घाला. लोक खोटं का बोलतात, या प्रकरणात. मग तुम्ही पास."

मग जे झालं ते मी सांगत बसत नाही. एवढंच सांगतो, की आवारातल्या सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम वाजले, लिंबाच्या वड्या बर्फात सांडल्या आणि लोकांनी त्या तशाच खाल्ल्या, आणि डेलने भर गर्दीत, दिवसाढवळ्या, बायकोच्या गालाचा मुका घेतला. या गोष्टीवर गावात जुलैपर्यंत बोलणं चाललं होतं. म्हणजे शेवटी भानगडीची बातमी खरी ठरलीच, फक्त माणूस घरचा निघाला.

पदवीचा कागद एकोणतीस मे रोजी पोस्टाने आला. लुआन तो ओव्हनचे हातमोजे घालून कॉलेजात घेऊन गेली, डाग पडू नये म्हणून.

सप्टेंबरात मी तिच्या कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. तिथे शिकणाऱ्यांना सरावासाठी तोंडं लागतात, आणि माझं तोंड, बेव्ह म्हणते, तसंही नेहमी उघडंच असतं. दाराबाहेर पाटी होती, लुआन पेल्टोनेन, आणि नावापुढे कधी नव्हती ती पदवीची अक्षरं. मी खुर्चीत आडवा झालो. शिकणाऱ्या मुलीने विचारलं, "तुम्ही फ्लॉस करता का?"

"रोज," मी म्हणालो. सवयच ती.

मागून पांढऱ्या कोटातली लुआन पुढे आली, हातात सळई. मी म्हटलं, कायमच्या बाईंची जरा गंमत करावी. "काय गं लुआन, दोन वर्षं गाडीत कुडकुडलीस, सगळ्या गावाला उघडं करून प्रश्न विचारलेस. काय फरक पडला त्या कागदाने? दात तर तेच, आणि तूही तीच."

लुआनने दिवा माझ्या तोंडावर ओढला.

"आधी तू खोटं बोलायचास तेव्हा मला फक्त माहीत असायचं, लायल. आता ते मला सिद्ध करता येतं. आ कर."